गाडीच्या पोटातला जनरेटर

मंडळी, गावात फिरता दवाखाना येतो. गाडी चावडीजवळ उभी राहते, चालक आतली एक कळ दाबतो आणि गाडीच्या पोटातून घुर्र असा आवाज सुरू होतो. लगेच दिवे लागतात, पंखा फिरू लागतो, लसींची शीतपेटी चालू होते. जवळ विजेचा खांब नाही, तार ओढलेली नाही, मग ही वीज आली कोठून? शाळेतली मुले हा प्रश्न गुरुजींना हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे. गाडीच्या अंगात, बहुधा मागच्या बाजूला, एक बंद कप्पा असतो आणि त्यात एक लहानसे इंजिन व त्याला जोडलेला जनरेटर बसवलेला असतो. पुस्तकी भाषेत त्याला जनित्र म्हणतात; आपण जनरेटरच म्हणू.

असा जनरेटर आता बऱ्याच गाड्यांत दिसतो. रक्त गोळा करणारी गाडी घ्या, चित्रीकरणाची गाडी घ्या, नाहीतर कॅराव्हॅन घ्या. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची सोय, चूल, शीतपेटी, कधी वातानुकूलन यंत्रसुद्धा. अमेरिकेत अशी घरे घेऊन हिंडणारी कुटुंबे पुष्कळ. तिकडच्या मिनिआपोलिस शहरात १९२० साली सुरू झालेल्या ओनन या कारखान्याचे जनरेटर अशा गाड्यांत जागोजागी आढळतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. तेव्हा उद्या तुमच्या गावाच्या माळावर अशी गाडी उभी राहिली आणि तिचा मालक, 'इथे कोणी जनरेटरचे काम करतो का हो?' असे विचारत आला, तर नवल वाटू देऊ नका.

तर प्रश्न असा की या जनरेटरची साफसफाई करायची कशी? धुळीने यंत्र बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. पण धूळ काढण्याच्या नादातही ते बिघडते, कधी कधी जळते, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला तर तारेत वीज उत्पन्न होते. सायकलचा जुना डायनॅमो याच तत्त्वावर चालतो. गुरुजींनी असा एखादा डायनॅमो मिळवून सायकल उलटी उभी करावी आणि मुलांना हाताने पायडल फिरवायला लावावे. दिवा जोडलेला नसताना पायडल हलके फिरते आणि दिवा जोडताच जड लागते. दिव्याची वीज फुकट येत नाही, ती हाताच्या मेहनतीतून येते, हे मुलांना तळहातातच कळते. जनरेटरात हीच मेहनत इंजिन करते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करणारी. त्यासाठी दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतो आणि चार ध्रुवांचा १५००. अमेरिकेत आवर्तने ६०, म्हणून तिथे हेच आकडे ३६०० आणि १८०० होतात. वरच्या वर्गातील मुलांना गुणाकार-भागाकारासाठी हे उदाहरण छान आहे.

म्हणजे या कप्प्यात दोन प्राणी शेजारी शेजारी राहतात. एक इंजिन. ते तेलकट, तापट, पण दणकट. दुसरा विजेचा भाग. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे वायंडिंग, आणि तिसरी एक नाजूक वस्तू, जिला मेकॅनिक लोक 'कार्ड' म्हणतात. कार्ड म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांची पाटी. इंजिनाला चालते ते कार्डाला चालत नाही. साफसफाईची सारी विद्या ही हद्द ओळखण्यात आहे.

कार्ड करते काय? विजेचा दाब सारखा राखते. शीतपेटी चालू झाली की जनरेटरवर भार येतो, दाब खाली उतरू पाहतो. कार्ड बाहेर जाणाऱ्या विजेवर नजर ठेवून असते. दाब उतरला की ते आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याला थोडी जास्त वीज देते, चुंबक जोरदार होतो आणि दाब पुन्हा ठिकाणावर येतो. भार कमी झाला की उलट क्रिया. हे काम ते अखंड करीत असते. अगदी साध्या जनरेटरात कार्ड नसते, तिथे एक कपॅसिटर हे काम जमेल तसे करतो. उलट इन्व्हर्टर जातीच्या नव्या जनरेटरात तर आधी विजेची एकदिश वीज करतात आणि मग कार्डाच्या साहाय्याने पुन्हा उलटसुलट वाहणारी वीज घडवतात. तिथे कार्ड गेले म्हणजे इंजिन कितीही धडधडले तरी दिवा लागायचा नाही.

आता या कार्डावर पाणी पडले तर काय होते ते नीट समजून घ्या. गाडी धुवायला नेली जाते. धुणारा पोरगा मन लावून काम करतो. चाके धुतो, मडगार्ड धुतो आणि जनरेटरच्या कप्प्याची जाळी चिखलाने भरलेली दिसली की तिच्यावरही जोराचा फवारा मारतो. त्याचा हेतू वाईट नाही. जनरेटर त्या संध्याकाळी चालूही होतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण फवाऱ्याच्या जोराने पाणी वायरींच्या जोडांत शिरलेले असते, आणि ते साधे पाणी नसते, त्यात साबण असतो, रस्त्याची माती व क्षार असतात. जोडातल्या बारीक पितळी टोकांवर हिरवट गंज चढू लागतो. काही आठवड्यांनी नजर ठेवणाऱ्या तारेचा जोडच कच्चा होतो. कार्डाला खरा दाब कळेनासा होतो. त्याला वाटते, दाब उतरला. म्हणून ते चुंबकाला जास्त वीज देते. दाब मुळात ठीकच होता, तो आता भलताच वर चढतो. काही कार्डांत अशा वेळी वीज तोडण्याची सोय असते, काहींत नसते. नसली तर दिवे लख्ख पेटतात आणि जातात, आणि त्यांच्यामागून शीतपेटी जाते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखाव्या लागतात. फिरत्या दवाखान्यात शीतपेटी गेली म्हणजे नुसते यंत्र गेले असे नव्हे, त्या दिवशी गावात येणाऱ्या लसींचा भरवसा गेला. आणि दोष कोणाला दिला जातो? 'माल हलका होता' असे म्हणून जनरेटरला!

म्हणून पहिली गोष्ट. गाडी धुवायला द्याल तेव्हा जनरेटरचा कप्पा दाखवून द्या आणि तिथे फवारा मारू नको असे तोंडाने सांगा. कप्प्याच्या दारावर रंगाने 'पाणी मारू नये' असे लिहून ठेवले तर उत्तमच.

मग साफ करायचे कशाने? हवेने आणि हाताने. पण हात घालण्यापूर्वी यंत्र मेलेले आहे याची खात्री करून घ्या. या जनरेटरना गाडीच्या आतूनही चालू करण्याची कळ असते. काहींत तर बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू होण्याची व्यवस्था असते. तुमची बोटे पंख्यात आणि आत कोणीतरी पंख्याच्या वाऱ्यासाठी कळ दाबली, तर? तेव्हा यंत्र थंड होऊ द्या, बाहेरून वीज घेणारी केबल काढा, गाडीत इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण त्याची वीज उलट्या वाटेने येऊ शकते. मग बॅटरीची वायर सोडवा. आधी वजा टोक, नंतर अधिक टोक. जोडताना याच्या उलट, वजा शेवटी. कारण असे की गाडीचा सांगाडा वजा टोकाला जोडलेला असतो; अधिक टोक सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. वजा आधी सोडवले की ही भीती राहत नाही. आणि यंत्र चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्या क्षणी विजेचा जो झटका उसळतो तो कार्ड जाळायला पुरेसा असतो. इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरातील कपॅसिटर तर यंत्र बंद झाल्यावरही काही काळ काही शे व्होल्टची वीज धरून ठेवतात, म्हणून त्याचे सीलबंद झाकण आपण उघडूच नये.

आता कार्डाची पेटी आणि वायरींचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका व दोरीने बांधा. प्रथम कोरडी धूळ काढायची. घरात झाडू मारण्याचा व्हॅक्यूम मिळाला तर फार बरे, कारण तो धूळ ओढून घेतो, उडवीत नाही. नसेल तर रंगाऱ्याचा मऊ केसांचा नवा ब्रश घ्या. आपल्या मुलखात धूळही परोपरीची. मळणीच्या दिवसांत भुसा, खानदेश-विदर्भात कापसाची लव, साखर कारखान्याच्या आसपास बगॅसची काळी राख. लव सर्वांत वाईट. ती इंजिनाच्या पंखांमध्ये गोधडीसारखी बसते, हवा अडते आणि यंत्र आतल्या आत तापत राहते. कोकणात धूळ कमी, पण खारा वारा जोडांना गंज आणतो. तिथे भुसा झाडण्यापेक्षा जोडांकडे अधिक लक्ष द्यावे.

ब्रशने न निघालेली धूळ हवेने उडवायची. पंक्चरवाल्याकडे हवेची टाकी असते. तिच्यात शंभर पौंडांहून अधिक दाब असतो, तो थेट वायंडिंगवर सोडला तर तारेवरच्या वार्निशाचे टवके उडतात आणि घाण अधिकच आत जाऊन बसते. दाब ३० पौंडांच्या आत ठेवा, नळी हातभर लांब धरा. आणि एक गोष्ट पंक्चरवाल्याला आवर्जून विचारा, 'टाकीतले पाणी काढले का?' हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ते न काढता हवा मारली तर आपण पाणीच फवारले म्हणायचे. हवा मारण्याची दिशाही महत्त्वाची. यंत्र ज्या बाजूने हवा आत ओढते त्याच्या उलट बाजूने मारावी, म्हणजे कचरा आल्या वाटेने परत जातो.

कार्बन ब्रश असलेल्या जनरेटरात ब्रशच्या झिजेची काळी भुकटी पडते. ती विजेची वाहक असते, म्हणून ती उडवून वायंडिंगवर पसरवू नका, ओढून घ्या. ज्या कड्यांवर ब्रश घासतात त्यांना तेल लावण्याची काहींना हौस असते. ती तिथे अगदी नको.

इंजिनाची तेलकट बाजू साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. फडके पिळलेले हवे. त्यातून थेंब गळत असेल तर ते पुसणे नव्हे, धुणे झाले. तेल कोठून पाझरते ते पाहावे, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथेच चिखल जमेल. वायंडिंग मात्र रॉकेलने किंवा पेट्रोलने कधीही पुसू नये. त्याने वार्निश मऊ पडते आणि बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ कोंडून राहिली तर एका ठिणगीचे काम. वायरींचे जोड मळले असतील तर विजेच्या सामानाच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा डबा मिळतो, तो मारून पुरता वाळू द्यावा. पॉलिश कागदाने टोके घासू नयेत. त्यांच्यावरचा पातळ मुलामा निघून गेला की गंज दुप्पट वेगाने येतो.

हवेचा फिल्टर कागदाचा असेल तर हलकेच आपटून धूळ पाडावी आणि मुदत झाली की बदलावा. तो धुता येत नाही. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, चार थेंब इंजिन ऑइल लावून पिळून बसवावा. ऑइल बदलण्याची मुदत यंत्राच्या पुस्तिकेत असते. लहान पेट्रोल इंजिनात साधारणपणे पहिल्या २० तासांनंतर एकदा आणि पुढे दर १०० तासांनी, असा हिशेब पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळेल.

कार्ड जळण्याची आणखी दोन कारणे सांगतो, आणि ही साफसफाईच्या दिवशीच घडतात. एक मेगर. वायंडिंग ओलसर तर नाही ना हे पाहायला वायरमन मेगर लावतो. हे यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेचे आवरण तपासते. तारेला तो दाब सोसतो, कार्डाला सोसत नाही. म्हणून मेगर लावण्याआधी कार्डाच्या सर्व तारा सोडवल्याच पाहिजेत. दुसरे कारण वेल्डिंग. कप्प्याचे बिजागर तुटले, सायलेन्सरची पट्टी सुटली, म्हणून गाडी वेल्डिंगवाल्याकडे जाते. वेल्डिंगचा प्रवाह सांगाड्यातून वाट काढीत जातो आणि वाटेत कार्ड सापडले तर त्यातूनही जातो. बॅटरी सोडवा, कार्डाचे जोड काढा आणि वेल्डिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. वेल्डिंगवाला म्हणेल, 'काही होत नाही, साहेब.' ऐकू नका.

पेट्रोलबद्दल थोडेसे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. त्यातले बरेचसे आपल्याच उसाच्या मळीपासून व रसापासून बनते, याचे आपल्याला कौतुकच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. लांब मुक्कामासाठी गाडी उभी करताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कार्बुरेटर रिकामा करावा. आणखी एक गंमत. जे जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल वा डिझेल घेतात, त्यांची नळी बहुधा टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. इंधन एका मर्यादेखाली गेले की जनरेटर बंद पडतो आणि गाडी घरी परतण्यापुरते इंधन टाकीत शिल्लक राहते. ही युक्ती ठाऊक नसलेला माणूस टाकीत इंधन आहे असे पाहून कार्बुरेटर खोलत बसतो!

आता जिवाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा जनरेटरचा विषारी वायू गाडीत शिरल्याचे निष्पन्न झाले. या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके धरते त्याच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट या वायूला धरते, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणसाला डोके जड वाटते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला उठत नाही. म्हणून साफसफाईच्या वेळी सायलेन्सरची नळी शेवटच्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहावी. गंजून भोक पडले आहे का, जोड सैल झाला आहे का, कप्प्याच्या आणि गाडीच्या मधल्या पत्र्याला फट आहे का? वायर नेण्यासाठी कोणी मध्येच भोक पाडले असेल तर ते उष्णतेला टिकणाऱ्या पदार्थाने बुजवल्याशिवाय यंत्र चालू करू नये. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी घंटा बसवून घ्यावी. माणसे आत झोपणार असतील तर जनरेटर बंद, मग कितीही उकाडा असो. गाडी उभी करताना खाली वाळलेले गवत किंवा उसाचे पाचट नाही ना, तेही पाहावे. सायलेन्सरच्या तापाने ते पेट घेते.

पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी राहते तेव्हा कप्प्यात उंदरांना आयतेच घर मिळते. ते चिंध्या-गवत आणून पंख्यात घरटे करतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. तेव्हा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी दार उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. मात्र उंदरांच्या भीतीने हवेची जाळी फळीने बंद करू नये. बारीक तारेची जाळी लावावी आणि तीही यंत्राला पुरेशी हवा मिळेल अशी.

यंत्र नुसते झाकून ठेवणे हे त्याचे लाड नव्हेत. महिन्यातून एकदा सुमारे दोन तास, अर्धा भार देऊन ते चालवावे. त्या उष्णतेने वायंडिंगमधला ओलावा उडतो, कार्बुरेटरमध्ये ताजे पेट्रोल फिरते, कड्यांवरचा गंज ब्रशने घासून निघतो. भार न देता तासन् तास नुसते फिरवणे बरे नाही. डिझेल इंजिनात त्याने न जळलेले तेल सायलेन्सरमध्ये साचते. चालू करताना मात्र आधी यंत्र, मग शीतपेटी वगैरे. आणि बंद करताना आधी सारी उपकरणे, मग तीन ते पाच मिनिटे मोकळे चालवून यंत्र. तेवढ्या वेळात पंखा आतली उष्णता बाहेर काढतो, नाहीतर ती सारी कार्डाकडे सरकते.

बहुतेक जनरेटरांवर किती तास चालले हे दाखवणारे घड्याळ असते. एक दोनशे पानी वही कप्प्याच्या दारामागे नव्हे, चालकाच्या बैठकीशेजारी ठेवावी, कारण कप्प्यात ती तेलाने भिजते. तिच्यात तारीख, घड्याळाचा आकडा, काय साफ केले, कोणते तेल घातले आणि कोणाच्या हातून काम झाले ते लिहावे. जोड सोडवण्यापूर्वी कोणती रंगीत तार कोठे जोडलेली होती, याचे साधे चित्रही त्याच वहीत काढून ठेवावे. हल्ली मोबाइलवर फोटो निघतो, तोही काढा. पण मोबाइल बदलतो आणि वही गाडीतच राहते.